पहिल्या मिळकतीची पहिली गुंतवणूक

नागपूर जिल्ह्यातील एखाद्या गावचा तरुण मिहानमधील कंपनीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा एखाद्या शासकीय कार्यालयात रुजू होतो आणि त्याचा पहिला पगार बँकेच्या खात्यात जमा होतो. घरची देणी, आईवडिलांची गरज आणि स्वतःचा खर्च भागवून जे चार पैसे शिल्लक राहतात, त्यांचे काय करावे, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्यापुढे उभा राहतो. याचे उत्तर त्याला शाळेत किंवा महाविद्यालयात कोणी शिकवलेले नसते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र उत्तरांची रीघ लागलेली असते. अशा वेळी तो गावातील ज्या जाणत्या माणसाकडे जातो, तो बहुधा शाळेतील गुरुजी असतो, ग्रामपंचायतीचा सदस्य असतो किंवा तालुक्याच्या कार्यालयातील एखादा परिचित अधिकारी असतो. या जाणत्यांनी कोणता सल्ला द्यावा आणि कोणता देऊ नये, याचा विचार या लेखात केला आहे.

गुंतवणूक म्हणजे सर्वांत जास्त नफा देणारी एक वस्तू शोधून काढणे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक नवख्या माणसाने प्रथम शिकायची गोष्ट वेगळीच आहे. आपला पैसा कोणत्या गरजेसाठी व किती काळाने लागणार आहे हे ठरवून त्याची वाटणी करणे, एकाच ठिकाणी सर्व काही न ठेवणे आणि जे विकत घेतले ते आपल्या नावावर आले आहे याची खात्री करणे, या तीन गोष्टी म्हणजे गुंतवणुकीचा पाया होय. अशा वाटणीतून जो संच तयार होतो त्यालाच बाजारात पोर्टफोलिओ म्हणतात. हे धडे शिकण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नागपूर शहराच्या इतिहासातच ते सापडतात.

एक गिरणी आणि एक बँक

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटा यांनी उभारलेली ही कापडगिरणी त्या काळातील सर्वांत सुव्यवस्थित गिरण्यांपैकी एक होती. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघाताची भरपाई यांसारख्या सोयी तिने एकोणिसाव्या शतकातच सुरू केल्या. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी उभारण्याचा जमशेटजींचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या नागपूरची अनेक कुटुंबे त्या गिरणीच्या भोंग्यावर आपले घड्याळ लावत राहिली. या गिरणीचा समभाग म्हणजे अढळ ठेव, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढण्याचे कारण नव्हते. तथापि काळ बदलला, यंत्रे जुनी झाली, यंत्रमाग व कृत्रिम धाग्यांची स्पर्धा वाढली. १९८६ मध्ये ही गिरणी राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली.

चांगली माणसे, चांगला हेतू आणि शंभर वर्षांची कीर्ती असूनही एखादा उद्योग संपू शकतो, हा यातील पहिला धडा होय. कंपनी अवसायनात निघाली म्हणजे कामगारांची व तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांची देणी आधी भागवली जातात आणि समभागधारकाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. म्हणून ज्या कंपनीत आपण नोकरी करतो, जिचे नाव लहानपणापासून ऐकले आहे किंवा जिची जाहिरात रोज दिसते, त्या एकाच कंपनीत सारी बचत घालणे कधीही योग्य नाही.

दुसरा धडा अधिक जवळच्या काळातील आहे. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची शंभर कोटी रुपयांहून अधिक रक्कम सरकारी रोख्यांच्या खरेदीसाठी खाजगी दलालांमार्फत गुंतवली गेली. रोखे मात्र बँकेच्या हाती पडलेच नाहीत. या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह काही जणांना दोषी ठरवले आणि त्या निकालाविरुद्ध अपीलही दाखल झाले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, सरकारी रोखे हे देशातील सर्वांत सुरक्षित गुंतवणुकीपैकी मानले जातात. धोका रोख्यांत नव्हता, रोखे ताब्यात येण्यापूर्वी पैसे मध्यस्थाच्या हाती गेले, यात होता. एका मोठ्या बँकेच्या बाबतीत जे घडू शकते ते पाच हजार रुपये गुंतवणाऱ्या तरुणाच्या बाबतीत घडण्यास वेळ लागत नाही.

शेतकऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट

विभागणीचे तत्त्व आपल्याकडील शेतकऱ्याला नवे नाही. विदर्भातील कोरडवाहू शेतकरी कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरतो. पाऊस कपाशीला प्रतिकूल गेला तर तुरीवर काही तरी हाती लागेल, असा त्याचा हिशेब असतो. त्याच्या घरात वर्षभराचे धान्य वेगळे, बियाणे वेगळे आणि विकायचा माल वेगळा असतो. काटोल-नरखेड भागातील संत्र्याचा बागायतदार तर याहून पुढचा विचार करतो. कलम लावल्यानंतर चार-पाच वर्षे त्याला फळाची आशा नसते. त्या काळातील घरखर्च तो दुसऱ्या पिकावर चालवतो. कलम रोज उपटून मुळे वाढली की नाही, हे तो पाहत नाही.

तरुणाच्या पैशाचीही अशीच तीन भागांत वाटणी व्हावयास हवी. घरातील धान्याप्रमाणे केव्हाही लागणारा पैसा हा पहिला भाग. तीन-पाच वर्षांत ठरलेल्या कामासाठी, जसे बहिणीचे लग्न, पुढील शिक्षण किंवा दुचाकी, लागणारा पैसा हा दुसरा. पंधरा-वीस वर्षे हात लावावा लागणार नाही असा, संत्र्याच्या बागेसारखा पैसा, हा तिसरा भाग होय. बहुतेक चुका या तीन भागांची सरमिसळ केल्याने होतात. लग्नाचा पैसा समभागांत घातला तर ऐन मुहूर्ताच्या वेळी बाजार खाली असू शकतो. उलट तीस वर्षांनी लागणारा पैसा बचत खात्यात पडून राहिला तर महागाई त्याला हळूहळू खाऊन टाकते. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती जवळजवळ अर्धी होते.

पहिली पायरी: संकटकाळची शिल्लक व विमा

गुंतवणुकीचा विचार करण्यापूर्वी दोन कामे उरकून घ्यावीत. व्याजाचा भारी दर असलेले कर्ज, विशेषतः क्रेडिट कार्डावरील थकबाकी किंवा सावकाराचे देणे, प्रथम फेडावे. वर्षाला तीस-चाळीस टक्के व्याज भरत असताना आठ टक्के मिळवण्याची धडपड करणे, म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

त्यानंतर किमान तीन महिन्यांच्या आणि पुढे शक्य झाल्यास सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत सहज काढता येईल अशी ठेवावी. बँक बुडाल्यास ठेव विम्याखाली दर ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे मिळणारी रक्कम फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. हे संरक्षण पात्र सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना मात्र ते लागू नाही. गावातील पतसंस्था व बँक यांत पुष्कळ लोक भेद करीत नाहीत. तो भेद शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आवर्जून समजावून सांगितला पाहिजे.

ज्याच्या मिळकतीवर इतरांचे पोट अवलंबून आहे, त्याने केवळ मृत्यूची जोखीम उचलणारा मुदतीचा विमा घ्यावा आणि घरातील माणसांसाठी आरोग्य विमा असल्याची खात्री करावी. विमा आणि बचत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही एकाच योजनेत घेतल्यास बहुधा संरक्षणही अपुरे पडते आणि परतावाही कमी मिळतो.

दुसरी पायरी: निश्चित उत्पन्नाची साधने

ज्यांत मुद्दल सुरक्षित राहते आणि व्याज आधी ठाऊक असते, अशी साधने आपल्या घरांत परिचित आहेत. टपाल खात्याची आवर्ती ठेव, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र व बँकेची मुदत ठेव ही तीन ते पाच वर्षांच्या गरजांना योग्य होत. दीर्घ काळासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी उपयुक्त आहे. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला किमान ५०० रुपये भरून खाते चालू ठेवता येते. कमाल मर्यादा दीड लाख रुपयांची आहे. मुदत पंधरा वर्षांची असते व व्याजावर आयकर लागत नाही. व्याजाचा दर शासन दर तिमाहीस जाहीर करते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के ठरला आणि त्यानंतर अनेक वर्षे तोच कायम राहिला.

सरकारी रोखे ज्यांना घ्यावयाचे असतील त्यांना आता दलालाची गरज उरलेली नाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकास थेट आपल्याकडे रोख्यांचे खाते उघडण्याची सोय करून दिली आहे. दोन दशकांपूर्वी नागपूरच्या ठेवीदारांना जो धडा मिळाला, त्याचे उत्तर या सोयीत आहे.

तिसरी पायरी: समभाग, पण एकट्यादुकट्याचे नव्हे

दीर्घ मुदतीत महागाईवर मात करावयाची तर उद्योगांच्या वाढीत थोडा वाटा असणे इष्ट असते. परंतु कोणती कंपनी वाढेल व कोणती एम्प्रेस मिलच्या वाटेने जाईल, हे आधी सांगणे तज्ज्ञांनाही साधत नाही. नवख्यासाठी यावरील सोपा उपाय म्हणजे निर्देशांकावर आधारलेला म्युच्युअल फंड. मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्समध्ये तीस आणि निफ्टीत पन्नास मोठ्या कंपन्या असतात. निर्देशांक फंड या सर्व कंपन्यांचे समभाग ठरलेल्या प्रमाणात घेतो. मागे पडलेली कंपनी यथाकाल निर्देशांकातून वगळली जाते आणि तिची जागा वाढती कंपनी घेते. ज्या १९८६ साली नागपूरची जुनी गिरणी शासनाकडे आली, त्याच वर्षाच्या आरंभी सेन्सेक्स प्रसिद्ध होऊ लागला. त्या मूळ यादीतील पुष्कळ नावे नंतर गळली, निर्देशांक मात्र टिकून राहिला.

याचा अर्थ येथे धोका नाही, असा मात्र नव्हे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली उतरला. ती पातळी पुन्हा गाठण्यास नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० वर गेलेला निर्देशांक करोनाच्या साथीत मार्चअखेरीस २६,००० च्या खाली आला आणि नोव्हेंबरात पूर्वीच्या जागी परतला. ज्यांनी घाबरून विकले त्यांचा तोटा कायमचा झाला, ज्यांना त्या पैशाची गरज नव्हती त्यांना केवळ थांबावे लागले. म्हणूनच किमान सात ते दहा वर्षे लागणार नाही तोच पैसा येथे घालावा आणि तो दरमहा ठरावीक हप्त्याने घालावा. भाव खाली असताना त्याच हप्त्यात अधिक युनिटे मिळतात, हा त्याचा लाभ होय.

फंड निवडताना खर्चाचा दर अवश्य पाहावा. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची, वितरकाचे कमिशन नसलेली थेट योजना उपलब्ध आहे. दरमहा २,००० रुपये तीस वर्षे गुंतवले आणि वर्षाला आठ टक्के वाढ धरली, तर सुमारे २९ लाख ८० हजार रुपये जमतात. खर्चापायी एक टक्का कमी होऊन वाढ सात टक्के राहिली, तर हीच रक्कम सुमारे २४ लाख ४० हजारांवर येते. आठ टक्क्यांचे हे प्रमाण केवळ हिशेबासाठी धरले आहे, तेवढी वाढ मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

याच हिशेबात काळाचे महत्त्वही दिसते. तोच हप्ता दहा वर्षे उशिराने सुरू करून वीस वर्षे भरला, तर आठ टक्क्यांनी सुमारे ११ लाख ७८ हजार रुपयेच जमतात. भरण्यातील फरक २ लाख ४० हजारांचा, पण जमलेल्या रकमेतील फरक १८ लाखांचा. तरुणाकडे पैसा थोडा असला तरी वर्षे भरपूर असतात, आणि हेच त्याचे खरे भांडवल आहे.

एका महिन्याचा नमुना

दरमहा २५,००० रुपये हाती पडणारा आणि त्यांतून ५,००० रुपये वाचवू शकणारा एक तरुण उदाहरणादाखल घेऊ. त्याचा महिन्याचा खर्च २०,००० रुपये आहे. पहिले वर्षभर त्याने सर्व बचत संकटकाळच्या शिल्लकीसाठी बँकेत ठेवली, तर ६०,००० रुपये, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च जमा होतो. दुसऱ्या वर्षापासून त्याने ५०० रुपये विम्याच्या हप्त्यासाठी, १,००० रुपये जवळच्या गरजांसाठी टपालाच्या आवर्ती ठेवीत, १,५०० रुपये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत आणि २,००० रुपये निर्देशांक फंडात घालावेत. पगार वाढला की प्रत्येक हप्ता त्याच प्रमाणात वाढवावा. वर्षातून एकदा, एखादा ठरावीक दिवस नेमून, वाटणी तपासावी. समभागांचा वाटा ठरल्यापेक्षा फार वाढला असेल तर पुढील हप्ते काही काळ दुसरीकडे वळवावेत. याहून अधिक धावपळ करण्याची आवश्यकता नाही.

ही वाटणी म्हणजे सर्वांसाठी नियम नव्हे. ज्याच्या घरी कोरडवाहू शेतीचेच उत्पन्न आहे, त्याने शिल्लक अधिक ठेवावी. ज्याची नोकरी पक्की आहे त्याला ती थोडी कमी चालेल. शासकीय सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर आलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या सेवकांनी आपल्या त्या खात्याचाही हिशेबात समावेश करावा. या योजनेच्या नेहमीच्या पद्धतीत समभागांचा वाटा अनेक वर्षे १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित होता. म्हणजे बाजाराशी आपला संबंध नाही, असे मानणाऱ्या अनेक शिक्षकांची थोडी गुंतवणूक समभागांत आधीच झालेली असते.

सोन्याबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. इतवारीच्या सराफ ओळीतून घेतलेला दागिना ही हौस आहे, व्यवहार आहे, प्रसंगी आधारही आहे, परंतु त्यात घडणावळ जाते आणि मोडताना घट येते. म्हणून दागिन्याला गुंतवणूक समजून एकूण बचतीचा मोठा भाग त्यात घालू नये.

कोठे थांबावे

सध्या तरुणांना सर्वाधिक आकर्षण वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांचे आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. याला गुंतवणूक म्हणता येत नाही. शासकीय सेवकांनी हेही ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये त्यांना समभागांची सट्टेबाजी करण्यास मनाई आहे. वारंवार खरेदी-विक्री करणे हीही सट्टेबाजीच समजली जाते.

दुसरा धोका अवाजवी परताव्याच्या आमिषाचा होय. २०१३-१४ च्या सुमारास नागपुरातच अशा प्रकारच्या योजनांविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. गुंतवणूकदारांत सुशिक्षित, निवृत्त व नोकरदार मंडळींचा मोठा भरणा होता. दरमहा तीन टक्के, असे कोणी म्हटले की ते वर्षाला छत्तीस टक्के होतात, हा साधा गुणाकार करून पाहावा आणि कोणता प्रामाणिक धंदा एवढे देऊ शकेल, याचा विचार करावा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. परंतु कायद्याने गुन्हेगारास शिक्षा झाली तरी गेलेला पैसा परत मिळण्यास वर्षानुवर्षे लागतात.

म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रत्येकाने चार गोष्टी पाहाव्यात. संस्था वा सल्लागार सेबी किंवा रिझर्व्ह बँक यांच्याकडे नोंदलेला आहे काय? पैसे संस्थेच्या खात्यात जात आहेत की एखाद्या व्यक्तीच्या? खरेदी केलेले समभाग वा युनिटे आपल्या नावावर, आपल्या डिमॅट खात्यात किंवा फंडाच्या नोंदीत प्रत्यक्ष दिसतात काय? आणि वारसाचे नामनिर्देशन केले आहे काय? यांपैकी एकाचे जरी उत्तर समाधानकारक नसेल तरी व्यवहार थांबवावा. तक्रारीसाठी सेबीची स्कोअर्स ही यंत्रणा २०११ पासून आणि बेकायदा ठेवींची माहिती देण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे सचेत हे संकेतस्थळ उपलब्ध आहे.

जाणत्यांची जबाबदारी

एकेकाळी शाळाशाळांतून संचयिका चालत असत. मुले आठवड्याला चार आणे भरत आणि छोट्या पुस्तिकेत ती नोंद पाहून हरखून जात. त्या चार आण्यांतून फार मोठी रक्कम जमत नसे, परंतु मिळकतीतून खर्चाआधी काही बाजूला काढावयाचे असते, ही सवय मात्र जडत असे. आज पैसे गुंतवण्याची साधने मुबलक झाली आहेत, सवय मात्र दुर्मीळ झाली आहे. दहावी-बारावीच्या वर्गात एखाद्या तासाला चक्रवाढ व्याजाचे गणित वरील आकड्यांवरून करून दाखवणे, ग्रामसभेत पतसंस्था व बँक यांतील भेद समजावून सांगणे किंवा नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यास पहिल्याच महिन्यात भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडावयास लावणे, ही कामे करण्यास कोणत्याही अनुदानाची वा आदेशाची आवश्यकता नाही.

कोणती कंपनी घ्यावी, असे तरुणाने विचारले तर कंपनीचे नाव सांगू नये. पैसा केव्हा लागणार, शिल्लक किती आहे आणि कागद कोणाच्या नावावर येणार, हे तीन प्रश्न त्याला उलट विचारावेत. त्यांची उत्तरे त्याने स्वतः दिली की त्याची पहिली गुंतवणूक सुरू झाली, असे समजण्यास हरकत नाही.